मोहरीवरील रंगीत ढेकण्या व त्याचा नव्या मुलुखातील फैलाव

मोहरी, मुळा, कोबी, फुलकोबी, नवलकोल या पिकांवर ढालीच्या आकाराचा एक लहानसा ढेकण्या आपणांकडे फार पूर्वीपासून आढळतो. अंग काळे व त्यावर नारिंगी आणि पांढुरक्या ठिपक्यांची नक्षी, अशा रूपामुळे त्याला रंगीत ढेकण्या म्हणतात. राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश या मोहरीच्या मुलुखांत त्याची गणना महत्त्वाच्या किडींत होते. महाराष्ट्रात मोहरीचे क्षेत्र थोडे, त्यामुळे आपल्या शेतकऱ्यांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही. असा हा परिचयाचा कीटक २००८ साली अमेरिकेत प्रथम आढळला, आणि पुढील पाच-सहा वर्षांत तेथील भाजीपाल्याच्या बागाइतदारांना त्याने हैराण करून सोडले.

परदेशी गेलेल्या या किडीची हकीकत येथे देण्याचा हेतू मनोरंजनाचा नाही. एखाद्या किडीचा स्वभाव घरच्या मुलुखात नीटसा उमजत नाही. कारण येथे तिचे शत्रू असतात, पीक निराळ्या पद्धतीने घेतलेले असते, आणि होणारे नुकसान इतर कारणांच्या खाती जमा होते. तीच कीड नव्या प्रदेशात गेली म्हणजे तिचे बळ कशात आहे व ती कोठे कच्ची आहे, हे उघड दिसू लागते. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी पैसे मोजून जे ज्ञान मिळवले ते कोबी-फुलकोबी घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना विनामूल्य मिळण्यासारखे आहे.

किडीची ओळख

प्रौढ कीटक ५ ते ७ मिलिमीटर लांब, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा असतो. मादी नरापेक्षा मोठी असते. नर-मादीची जोडी पाठीला पाठ लावून, एकमेकांस ओढीत, पानावरून चालताना पुष्कळदा दिसते. ही खूण एकदा पाहिली म्हणजे विसरत नाही. पिले नुकतीच बाहेर पडली असता नारिंगी-तांबडी असतात, व पाच वेळा कात टाकून प्रौढ होतात. घाईने पाहणाऱ्यास ही पिले मावा खाणाऱ्या उपयुक्त चित्रांग भुंगेऱ्यांसारखी वाटतात. फरक ओळखण्याची युक्ती सोपी आहे. भुंगेऱ्याची पाठ घुमटासारखी फुगीर व गुळगुळीत असते. ढेकण्या चपटा असून त्याच्या डोक्याखाली सुईसारखी सोंड पोटाशी दुमडलेली असते. चिरडल्यास त्याला दुर्गंधी येते.

शास्त्रीय भाषेत या कीटकास बॅग्राडा हिलारिस म्हणतात. जुन्या पुस्तकांतून तो बॅग्राडा पिक्टा किंवा बॅग्राडा क्रुसिफेरारम या नावांनी आढळेल. कार्यकर्त्यांनी ही नावे एकाच किडीची समजावीत. आफ्रिकेचा पूर्व व दक्षिण भाग, इजिप्त, इराण, पाकिस्तान आणि भारत हा त्याचा जुना मुलूख होय.

अंडी जमिनीत घालण्याची चाल

या ढेकण्याची सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे त्याची अंडी घालण्याची रीत. ढालीच्या आकाराचे बहुतेक ढेकणे पानाच्या मागील बाजूस अंड्यांचा पुंजका चिकटवतात. उदाहरणार्थ, भाजीपाला व कडधान्यांवरील हिरवा ढेकण्या. असा पुंजका शेतकऱ्याच्या नजरेस पडतो. पान खुडून चिरडले की पन्नास-साठ पिलांचा बंदोबस्त एका क्षणात होतो. रंगीत ढेकण्याची मादी हा धोका पत्करीत नाही. ती बहुतेक अंडी सुट्या, कोरड्या मातीत, ढेकळांच्या फटीत, एकेक किंवा दोन-चार अशी विखरून घालते. क्वचित पानावरही अंडी सापडतात, परंतु त्यांवरून अंदाज बांधणे व्यर्थ आहे. अंडे पिंपाच्या आकाराचे, आरंभी पांढुरके व पुढे नारिंगी होते. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. उष्ण हवेत ती चार ते सहा दिवसांत फुटतात, आणि अंड्यापासून प्रौढ होईपर्यंतचा सारा क्रम तीन ते चार आठवड्यांत आटोपतो.

याचा अर्थ असा की, पाने तपासून ‘शेत स्वच्छ आहे’ असा निर्वाळा देता येत नाही. पिकावर एकही किडा नसताना त्याच्या बुंध्याशी शेकडो अंडी असू शकतात. तसेच फवारलेले औषध मातीतील अंड्यांपर्यंत पोचत नाही. आठ दिवसांनी नवी पिले वर येतात व शेतकऱ्यास वाटते की औषध खोटे होते. औषधाच्या दुकानदाराशी होणारी पुष्कळशी भांडणे या एका अज्ञानातून उद्भवतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सुमारे ३० ते ३५ अंश सेल्सिअस उष्णमान या कीटकास विशेष मानवते. थंडी पडू लागली की त्याची वाढ मंदावते. दिवसातही तो दुपारच्या उन्हात पिकावर वावरतो, आणि सकाळच्या गारव्यात ढेकळांखाली व भेगांत दडून बसतो. आपली रीत सकाळी शेतावर फेरी मारण्याची आहे. इतर किडींसाठी ती योग्य असली तरी या किडीसाठी निरुपयोगी होय.

अमेरिकेतील फैलाव

जून २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे हा ढेकण्या सापडला. पश्चिम गोलार्धातील ही त्याची पहिली नोंद होय. पॅसाडेना ज्या लॉस एंजेलिस जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात लॉस एंजेलिस व लाँग बीच ही प्रचंड जोडबंदरे आहेत. जगभरचा माल तेथे उतरतो, आणि तांदळाएवढ्या कीटकास लपण्यास पेटीची एक फट पुरे होते.

आरंभी त्याचा त्रास घराभोवतीच्या बागांना व लहान भाजीमळ्यांना झाला. परंतु २००९ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील इंपीरियल खोरे व ॲरिझोनातील यूमा या वाळवंटी बागाईत प्रदेशांत तो मोठ्या शेतांत उतरला. हिवाळ्यात अमेरिकेच्या बाजारांत जाणारा पालेभाजीचा फार मोठा वाटा या दोन भागांतून येतो. २०१० ते २०१४ या काळात तेथील ब्रोकोलीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रात हा कीटक आढळला, आणि रोपे मरणे व बिघडणे मिळून दहा टक्क्यांवर हानी झाल्याचे नोंदले गेले. पुढे न्यू मेक्सिको, नेवाडा, युटा, टेक्सास या राज्यांत तो पसरला. २०१४ मध्ये मेक्सिको देशात व हवाई बेटांत त्याची नोंद झाली. २०१६ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या सँटियागो या राजधानीजवळ आढळला. मध्ये हजारो किलोमीटरचे अंतर आहे. इतकी मजल पंखांच्या बळावर मारता येत नाही. ती माणसाच्या मालवाहतुकीबरोबरच मारली जाते.

आता असा प्रश्न येतो की, भारतात शेकडो वर्षे मोहरीच्या सोबतीने राहणारा हा कीटक तेथे एवढा अनावर का झाला? याचे एक उत्तर नेहमीचे आहे. ते म्हणजे शत्रूंचा अभाव. त्याविषयी पुढे येईलच. परंतु आमच्या मते दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे, आणि ते पीक घेण्याच्या पद्धतीत आहे.

मोहरी आपण दाट पेरतो व पुढे विरळणी करतो. उगवणीच्या वेळी काही रोपे ढेकण्याने शोषून मारली तरी उरलेली रोपे फांद्या फोडून जागा भरून काढतात. नुकसान होते, परंतु शेत ओस पडत नाही. ब्रोकोली वा फुलकोबीची गोष्ट वेगळी. तेथे एका रोपाला एकच गड्डा, आणि तो रोपाच्या मधल्या शेंड्यातून येतो. ढेकण्याची सोंड त्या शेंड्याला लागली की रोप जगते, हिरवेगार दिसते, पण गड्डा धरीत नाही. अशा रोपास ‘आंधळे रोप’ म्हणतात. कधी एका शेंड्याऐवजी तीन-चार शेंडे फुटतात आणि प्रत्येकास लिंबाएवढा गड्डा येतो. त्यास बाजारात कोणी विचारीत नाही. यावर मीठ चोळणारी बाब अशी की, नुकसान रोप दोन पानांवर असताना घडते आणि उमगते दोन महिन्यांनी. तोपर्यंत खत, पाणी, खुरपणी सर्व खर्च त्या वांझ रोपावर झालेला असतो.

त्यात तेथील हंगामाची भर पडली. यूमा व इंपीरियल भागांत ब्रोकोली, कोबी यांचे बी ऑगस्ट अखेरीपासून थेट शेतात टोकतात व तुषार सिंचनाने उगवतात. त्या वेळी तपमान ४० अंशांच्या आसपास असते. आसपासची रानमोहरी व त्या वर्गातील इतर तणे उन्हाळ्यात वाळून गेलेली असतात. मैलोगणती करपलेल्या प्रदेशात ओलसर कोवळी रोपे म्हणजे भुकेल्या कीटकास मांडलेले ताटच होय. किडीस प्रिय असलेली उष्णता, तिला प्रिय असलेले कोवळे रोप आणि इतर अन्नाचा अभाव या तीन गोष्टी एकाच पंधरवड्यात जुळून आल्या. आपल्याकडेही उन्हाचा ताप उतरण्यापूर्वी जी मोहरी उगवते तिच्यावर हा ढेकण्या अधिक येतो, हे उत्तरेकडील शेतकऱ्यांना ठाऊक आहे.

शत्रूंचा शोध

पपईवरील पिठ्या ढेकणाची आठवण येथे उपयोगी पडेल. मध्य अमेरिकेकडील ही कीड २००८ मध्ये तमिळनाडूत आढळली व लवकरच महाराष्ट्रातील पपईबागांत पोचली. २०१० मध्ये पोर्तो रिको येथून तिच्यावर जगणारी एक बारीक परोपजीवी माशी आणून सोडण्यात आली आणि कीड आटोक्यात आली. कीड जेथून आली तेथे तिचा वैरी शोधावयाचा, हे यातील सूत्र होय.

रंगीत ढेकण्याच्या बाबतीत अमेरिकेच्या शास्त्रज्ञांना हा शोध आपल्या शेजारी करावा लागला. २०१० नंतरच्या दशकात पाकिस्तानातील मोहरीच्या शेतांतून त्याच्या अंड्यांवर उपजीविका करणाऱ्या माश्या गोळा करून बंदिस्त प्रयोगशाळेत अभ्यासासाठी नेण्यात आल्या. सर्वसाधारण अंडी-परोपजीवी माशी पानावर अंडी हुडकते. मातीत पुरलेल्या अंड्यांपुढे तिचे फारसे चालत नाही. परंतु यांतील एक जात माती उकरून आत घातलेली अंडी शोधून काढते असे आढळले. २०२१ मध्ये तिचे नामकरण ग्रायॉन एथेरियम असे झाले. नवल असे की, तिला सोडण्याची परवानगी व चाचण्या यांचा विचार चालू असतानाच ती कॅलिफोर्नियातील शेतांत आपण होऊनच पोचलेली आढळली. ज्या वाटेने कीड गेली त्याच वाटेने तिचा वैरीही गेला असावा.

आपल्या शेतकऱ्यांसाठी यातून निघणारी गोष्ट स्पष्ट आहे. ही परोपजीवी मंडळी आपल्या भागात मुळातच नांदत आहेत. त्यांना कोणास आयात करावयाचे नाही. त्यांचा नाश होईल अशी सरसकट फवारणी टाळली म्हणजे पुरे.

शेतावर करावयाची कामे

बहुतेक काम पेरणीच्या अगोदरचे आहे. मोहरीवर्गीय पीक काढल्यानंतर धसकटे व कोबीचे पाचोळ्यासह उरलेले खुंट शेतात महिनोन्‌महिने उभे ठेवण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. खुंटांना फुटणारे कोवळे धुमारे हे ढेकण्याचे उन्हाळ्यातील आश्रयस्थान होय. ते उपटून कंपोस्ट खड्ड्यात मातीखाली दाबावेत. त्यानंतर खोल नांगरट करावी, म्हणजे मातीतील अंडी एकतर खोल गाडली जातील किंवा उन्हात उघडी पडतील. बांधावरील व पाटाकडेची रानमोहरी आणि आपोआप उगवलेला मुळा पेरणीच्या आधी काढावा. पीक उगवल्यानंतर ही तणे काढल्यास त्यांवरील सर्व कीड पिकावर लोटल्यासारखे होते.

मोहरी कापल्यावर पेंढ्या खळ्यावर फार दिवस रचून ठेवू नयेत. ढिगात ढेकण्यांचे थवे जमतात, शेंगांतील दाणा शोषतात व तेलाचा उतारा घटवतात. मळणी लवकर उरकावी.

गादीवाफ्यावरील रोपांकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे. वाफे मोहरीवर्गीय पिकाच्या जुन्या शेतात करू नयेत. बारीक जाळीचे आच्छादन घालणे उत्तम. मात्र ज्या मातीत अंडी आधीच आहेत तीवर जाळी घातल्यास कीड बाहेर राहण्याऐवजी आत कोंडली जाते व तिला शत्रूंपासून आयतेच संरक्षण मिळते. म्हणून जाळी नव्या मातीवर किंवा कोकोपीट भरलेल्या ट्रेवर घालावी. ट्रेमधील तयार रोपे बाहेरगावच्या रोपवाटिकेतून आणताना ती शेतावर उतरवण्यापूर्वीच पाहावीत. ट्रेच्या बुडाशी व कडेला दडलेला कीटक एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात रोपांबरोबरच जातो. पुनर्लागणीस थोडी जोमदार, चार-पाच पानांची रोपे घ्यावीत. कोवळ्या रोपांपेक्षा ती शोषण सहन करतात.

लागण वा उगवण झाल्यापासून पहिले पंधरा दिवस दर दोन दिवसांनी, दुपारी, शेतात फिरावे. पाच ठिकाणी प्रत्येकी वीस रोपे पाहावीत. किडा दिसला नाही तरी पानावर फिकट, चांदणीसारखे पसरलेले डाग आहेत काय हे पाहावे; ही त्याच्या सोंडेची खूण होय. डाग ताजा असेल तर ओलसर हिरवट-पांढरा दिसतो, जुना असेल तर वाळून कागदासारखा होतो. शंभरांपैकी पाच रोपांवर ताजे डाग आढळले तर उपाय करण्यास विलंब लावू नये. शेताच्या कडेच्या ओळींपासून पाहणी सुरू करावी, कारण कीड बहुधा बांधाकडून आत शिरते.

लहान क्षेत्र असेल तर दुपारी रोपे हलवून साबणाचे पाणी घातलेल्या पसरट भांड्यात ढेकणे पाडावेत. घरची दोन माणसे अर्ध्या दिवसात पाच-सात गुंठ्यांचे काम सहज करतात. मुख्य पिकाच्या आठ-दहा दिवस आधी कडेने मोहरीची एक-दोन ओळी पेरून कीड तिकडे ओढून घेणे हाही चांगला उपाय आहे. परंतु त्या ओळींवरील कीड रोजच्या रोज मारली नाही तर तो सापळा न राहता किडीची रोपवाटिका होते. ज्यांना रोज लक्ष देणे शक्य नाही त्यांनी या भानगडीत पडू नये. उगवणीनंतर तीन-चार आठवड्यांनी द्यावयाची पाण्याची पाळी चुकवू नये. भेगाळलेली कोरडी जमीन या किडीस सोयीची असते, ओलीची नव्हे.

औषधांविषयी एक सावधगिरीची सूचना. जुन्या पुस्तिकांतून या किडीसाठी बी.एच.सी. भुकटी किंवा मिथिल पॅराथिऑन भुकटी धुरळण्याची शिफारस आढळेल. बी.एच.सी. वर भारतात १९९७ पासून व मिथिल पॅराथिऑनवर २०१८ पासून बंदी आहे. घरात शिल्लक राहिलेली अशी पुडी कोणी काढली तर कार्यकर्त्यांनी तिचा वापर होऊ देऊ नये. बीजप्रक्रियेसाठी वा फवारणीसाठी सध्या मान्य असलेले औषध, त्याचे प्रमाण आणि फवारणीपासून काढणीपर्यंत ठेवावयाचे अंतर ही माहिती तालुका कृषी कार्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडून पिकाच्या नावानिशी विचारून घ्यावी. मोहरीसाठी सांगितलेले औषध कोबीवर मारू नये; मोहरीचा दाणा महिन्यांनी काढला जातो, तर कोबी कापल्याच्या दिवशी ताटात येते.

नवी कीड दिसल्यास

रंगीत ढेकण्या जसा बाहेर गेला तशाच बाहेरच्या किडी आपल्याकडे येत आहेत. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मका उत्पादकांच्या दारी येऊन ठेपली. बंदरे व विमानतळ येथे तपासणी होते; वनस्पती संगरोधाचा २००३ चा आदेश त्यासाठीच आहे. तरीही कॅलिफोर्नियातील अनुभव असा की, बंदरावरून निसटलेली कीड प्रथम परसबागेत दिसते. म्हणून गावातील परसबाग, शाळेची बाग, बाजारतळाजवळचे मळे यांवर कार्यकर्त्यांची नजर असावी.

अपरिचित ढेकण्या आढळल्यास तो चिरडून फेकू नये. चिरडलेल्या कीटकाची ओळख पटत नाही. पाच-सहा प्रौढ व मिळाल्यास तितकीच पिले औषधाच्या रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या लहान बाटलीत घालून, ती बुडतील इतके स्पिरिट ओतावे व बूच घट्ट लावावे. बाटलीत शिसपेन्सिलीने लिहिलेली कागदाची चिठ्ठी टाकावी; शाईचे अक्षर स्पिरिटात विरघळते. चिठ्ठीवर गाव, तालुका, पीक, पिकाचे वय, तारीख आणि कीटक रोपाच्या कोणत्या भागावर होता हे लिहावे. अंडी सापडली तर ती पानासह किंवा चमचाभर मातीसह कोरड्या डबीत वेगळी ठेवावीत, स्पिरिटात घालू नयेत. त्यांतून ढेकण्याऐवजी एखादी बारीक काळी माशी बाहेर पडली तर तीही जपून ठेवून तपासणीस पाठवावी.